लॅपटॉप सुरू झाला आणि रंकाळा बंद पडला : एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ, वय ४७, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. घरात वहिनी आणि कॉलेजला जाणारी पोरगी. नाव देत नाही, पण हे सगळं त्याला विचारून लिहितोय आणि आकडे त्याच्याच वहीतले आहेत.

विशीत दादा तालमीत जायचा. कुस्ती फार लढला नाही पण रोजच्या जोर-बैठका चुकायच्या नाहीत, दूध-तूप पण तसंच असायचं. पुढं नोकरी लागली, तालीम सुटली, खुराक मात्र तसाच राहिला, म्हणजे रात्री जेवून गंगावेशीत जायचं आणि कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं ग्लासभर धारोष्ण दूध प्यायचं, हे पंचवीस वर्षं चालू. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी परत टू-व्हीलर, घरी आलं की टीव्ही.

जानेवारी २०२५ मध्ये कंपनीत हेल्थ चेकअप झालं. वजन ८६.४ किलो, कंबर १०२ सेंटीमीटर, एचबीएवनसी ६.१. ही टेस्ट साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर दाखवते, ५.७ ते ६.४ मध्ये आकडा आला की त्याला डायबेटिसच्या आधीची पायरी म्हणतात. आणि आपल्याकडच्या पुरुषांसाठी कंबर ९० च्या आत पाहिजे. दादाच्या वडलांना शुगर होती, शेवटी पायाचं बोट काढावं लागलं, ड्रेसिंग हा स्वतः करायचा. त्यामुळं रिपोर्ट हातात आल्यावर तो खरंच घाबरला. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, म्हणाले सहा महिने चाला, वजन उतरवा, मग बघू.

त्याच महिन्यात घरातला लॅपटॉप पण शेवटच्या घटका मोजत होता. २०१४ चा, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क, बटण दाबून चहा करून आलं तरी गोल फिरतंयच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा असेल तर प्रोसेसर आठव्या जनरेशनपासून पुढचा पाहिजे, म्हणजे ह्या मशीनला वाट बंद. दुकानदार म्हणाला भंगारात घाला, ४५ हजारात नवीन देतो.

मी गेली बरीच वर्षं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, वापरतो. मी म्हटलं दादा थांब, नवीन घेऊ नको. २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणि ४ जीबीची रॅमची एक पट्टी, दोन्ही मिळून २,९०० रुपये, आणि त्यावर लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. मिंटला २ जीबी रॅममध्ये पण चालवता येतं, ४ मध्ये बरं चालतं, आपल्याकडं ८ झाली होती. फक्त वायफाय दिसेना, कारण आत ब्रॉडकॉमची चिप होती आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, सोबत येत नाही. मग फोन केबलनं जोडला, फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, एक टिक केली, रीस्टार्ट. पंचवीस सेकंदात डेस्कटॉप समोर. दादानं परत बंद करून परत चालू केला, परत पंचवीस सेकंद. "झालं की रं चालू!" असं म्हणून त्यानं वहिनींना हाक मारून बोलावलं. मला तो चेहरा अजून आठवतो, फार वर्षांनी त्याला असं खूश बघितलं होतं.

अडचण कुठं सुरू झाली

चालणं मोजायला दादानं मनगटावरचा एक स्वस्त बँड घेतला होता. बँडच्या कंपनीचं ॲप अकाउंट मागायचं, लोकेशन मागायचं, जन्मतारीख मागायचं. दादा हिशेबाचा माणूस, म्हणाला माझ्या झोपेचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत कशाला. मी त्याला गॅजेटब्रिज सांगितलं. हे फुकट आणि मुक्त सोर्सचं अँड्रॉइड ॲप आहे, ते अशा बऱ्याच बँडशी थेट बोलतं आणि सगळा डेटा फोनमध्येच राहतो. फक्त अशा बँडला एक गुप्त की, म्हणजे किल्लीसारखा कोड, लागते, ती एकदा कंपनीच्या ॲपशी जोडून मग काढून घ्यावी लागते. इथं पहिली ठेच लागली, दादानं की काढल्यावर कंपनीच्या ॲपमधनं बँड अनपेअर केला, त्यासरशी बँड रीसेट झाला आणि की बाद. ॲप नुसतं अनइन्स्टॉल करायचं असतं, अनपेअर करायचं नसतं. परत पहिल्यापासनं सगळं.

फेब्रुवारीभर सगळं छान चाललं. पहाटे ४:५० ला घरातनं निघायचं, रंकाळा तलावाला एक चक्कर, उजाडायच्या आत घरी. आठवड्यात पाच दिवस. मग मार्चमध्ये मी त्याला ग्राफानाचा एक स्क्रीनशॉट पाठवला. ग्राफाना म्हणजे डेटाचे ग्राफ दाखवणारा डॅशबोर्ड, तोही मुक्त सोर्सचा. मी सहज पाठवला होता. दादाला ते इतकं आवडलं की गॅजेटब्रिजचा डेटाबेस तिथं आणायचा असं त्यानं मनावर घेतलं. मग त्यासाठी डॉकर, म्हणजे असे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन, डॉकर आलं म्हणून व्यायामाची नोंद ठेवणारं डब्ल्यूगर, फोनमधली फाइल आपोआप लॅपटॉपवर यायला सिंकथिंग, आणि मिंट बरं का डेबियन ही दुसरी लिनक्स बरी हे बघायला परत परत इन्स्टॉल. रोज रात्री साडेबारा, एक. सकाळी अलार्म वाजायचा आणि वहिनी बंद करायच्या.

एप्रिलमध्ये एका रात्री डेबियन टाकताना अख्खी डिस्क पुसली. दादा निर्धास्त होता कारण टाइमशिफ्ट ह्या प्रोग्रॅमनं घेतलेले स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमच्या जुन्या प्रती, होत्या. पण टाइमशिफ्ट मुळात सिस्टिमसाठी आहे, आपल्या फायली असतात तो होम फोल्डर ते आपणहून घेत नाही, आणि स्नॅपशॉट ठेवले होते त्याच डिस्कवर. पाच आठवड्यांच्या वजनाच्या नोंदी गेल्या. दादा दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही.

आणि मग तो तारखेचा घोळ. हा जरा नीट सांगतो कारण बऱ्याच जणांना लागू पडेल. डॅशबोर्डवर रोजची पावलं यायला लागली तर चाललेल्या दिवशी कमी आणि न चाललेल्या दिवशी जास्त दिसायची. मंगळवारी सुट्टी घेतली तरी मंगळवारच्या खात्यावर चार हजार जादा, बुधवारी फेरी मारली तर बुधवारची अर्धीच. दादाला वाटलं बँड पावलं खातोय. तीन रात्री त्यानं सगळं उपटून परत बसवलं. शेवटी मी रविवारी जाऊन बसलो, ओळ न ओळ बघितली आणि लक्षात आलं. गॅजेटब्रिज वेळ साठवतं ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि ती युटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची. आपण साडेपाच तास पुढं. त्याचा डेटाबेस एसक्यूलाइट प्रकारातला, त्याला नुसती तारीख विचारली की तो युटीसीची तारीख सांगतं, म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाच वाजेपर्यंत मशीनच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. दादा निघतो ४:५० ला, परततो पावणेसहाला. रंकाळ्यातल्या संध्यामठाच्या अलीकडची पावलं काल जमा, पलीकडची आज. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या ओळीत, 'लोकलटाइम' एवढा एक शब्द घातला आणि सगळं जागेवर आलं.

दादानं टाळी दिली. पण दुरुस्त झालेला ग्राफ समोर आला तेव्हा दुसरं पण दिसलं, की मे महिन्यात बरेच रकाने रिकामे आहेत. फेऱ्या जेमतेम. मी विचारलं तर म्हणाला, "आत्ता डेटा बसवालोय रं, एकदा सिस्टिम लागली की मग रोज जातो." आणि वहिनी आतनं म्हणाल्या, "भाऊजी, पाऊल घराबाहेर पडंना आणि मोजायला मात्र चार यंत्रं." मला ते लागलं, कारण त्यातली तीन यंत्रं मी सुचवली होती.

जूनच्या शेवटी परत तपासणी झाली. वजन ८७.१, एचबीएवनसी ६.२. सहा महिन्यांत जागचं हललं नव्हतं, उलट किंचित वर.

आकडे समोर मांडले

दादा त्या रात्री म्हणाला सगळं बंद, लॅपटॉप विकून टाकतो. मी म्हटलं आधी एक बघू. लिनक्समध्ये मशीन कधी चालू झालं आणि कधी बंद झालं याची नोंद राहते, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'लास्ट रीबूट' असं दिलं की यादी समोर येते. एप्रिलमधल्या त्या घोळानंतर त्यानं परत मिंट टाकला होता आणि मग मिंट काही काढला नव्हता, त्यामुळं २० एप्रिल ते १९ जून असे ६१ दिवस मिळाले. ती यादी एका रकान्यात, बँडवरची सकाळची पावलं शेजारच्या रकान्यात, साधं लिबरऑफिस कॅल्क. एक्सेलवर आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात शिकायचं काही नव्हतं.

६१ पैकी ३८ रात्री लॅपटॉप साडेअकराच्या पुढं बंद झालेला. त्या ३८ रात्रींनंतर सकाळी फेरी झाली ती फक्त ४ वेळा. उरलेल्या २३ रात्री लवकर बंद, त्यातल्या १५ दिवशी फेरी झालेली.

दादा बराच वेळ बघत बसला. डॅशबोर्डवर इतके ग्राफ होते, हार्ट रेट होता, झोपेचे रंगीत पट्टे होते, आणि हे दोन रकाने त्यात कुठंच नव्हते. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच. आम्ही कुणी उपदेश केला नव्हता, त्याच्याच मशीननं त्याला सांगितलं होतं.

काय काय पर्याय होते

जिम लावायची हा पहिला. राजारामपुरीत एक चांगली होती, वर्षाचे १२ हजार. पण दादा सातला घरी येतो, संध्याकाळी परत गाडी काढून जायचं, पार्किंग शोधायचं, पावसाळा तोंडावर. पैशापेक्षा तो रोजचा जाच नको वाटला. आणि तालमीत वाढलेल्या माणसाला आरशासमोर व्यायाम करायचा संकोच पण होता, ते त्यानं एकदाच बोलून दाखवलं.

लॅपटॉप पूर्ण बंद करायचा हे वहिनींचं म्हणणं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. तरी मी विरोध केला. हा माणूस वीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नवीन शिकत होता, चुकलेलं स्वतः शोधत होता, पोरीला टर्मिनल दाखवत होता. ते काढून घेतलं तर तो परत टीव्हीसमोर बसेल, रंकाळ्यावर जाईल याची काय खात्री. वहिनींना हे सगळं पटलं नाही, पण "तीन महिने देते" म्हणाल्या.

कंपनीच्या ॲपवर परत जायचं हा तिसरा. कटकट संपली असती हे खरं. दादा तयार झाला नाही, डेटा आपल्याकडं पाहिजे ह्यावर तो ठाम होता आणि मला त्याचं बरोबर वाटलं.

शेवटी ठरलं ते असं, की सिस्टिम गोठवायची. तीन महिने नवीन काही इन्स्टॉल करायचं नाही, फक्त अपडेट. उद्योग करायचा तो रविवारी दुपारी. आणि रोजची खूण कागदावर, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथं दुधाचा हिशेब असतो तिथंच.

काय केलं

डॉकर, ग्राफाना, डब्ल्यूगर सगळं काढलं. आधी होम फोल्डरची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतली, कारण सिंकथिंग हा बॅकअप नव्हे, इकडं फाइल उडाली तर तिकडं पण उडते. उरलं काय तर मिंट, कॅल्कची एक फाइल, फोनवर गॅजेटब्रिज.

मग दादानं स्वतःच क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप करणाऱ्या यादीत, ओळ टाकली, सोमवार ते शनिवार रात्री सव्वादहाला मशीन आपोआप बंद. कॅन्सल करता येतं, कमांड त्याला माहीत होती, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा त्यानं केलं पण. तिसऱ्या वेळी पोरगी शेजारी बसली होती, तिनं नुसतं बघितलं. त्यानंतर नाही केलं असं तो सांगतो आणि यादीत पण तसंच दिसतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका कोल्हापुरी गोष्टीचा, आणि ती दादाच्या डोक्यातनं आली. जुलैमध्ये इथं प्रत्येक जण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी बघत असतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. शेंबड्या पोराला पण हे दोन आकडे पाठ असतात. दादा म्हणाला आपल्याला पण असंच पाहिजे, ग्राफ नको. मग ठरलं, सलग तीन दिवस फेरी नाही म्हणजे इशारा पातळी, पाच दिवस म्हणजे धोका. इशाऱ्याला संध्याकाळी का होईना घराभोवती अर्धा तास चालायचं, धोक्याला दुसऱ्या दिवशी मला फोन करायचा आणि मी सोबत जायचं. कॅलेंडरवर फेरीच्या दिवशी गोल, न झालेल्या दिवशी काही नाही. वहिनी सकाळी दुधाच्या आकड्याबरोबर बघायच्या आणि विचारायच्या, "आज पाणी किती फुटावर?"

दहा हजार पावलांचा हट्ट सोडला. तो आकडा मुळात १९६५ च्या सुमारास जपानात निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातनं आलाय, मानपो-केई म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. शिवाय शिरोलीच्या रस्त्यानं गाडीवरनं जाताना हँडलच्या हादऱ्यानं पण पावलं चढायची, एकदा तर सातशे. म्हणून पावलं नको, मिनिटं धरली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि दोन दिवस ताकदीचा. पाच दिवस पंचेचाळीस मिनिटं म्हणजे २२५, भागलं.

ताकदीसाठी दादा थेट जुन्या बैठकांवर गेला आणि पहिल्याच दिवशी पन्नास मारल्या. गुडघा धरला, आठवडा गेला. मग खुर्चीवर टेकून उठायचं, पंधरा-पंधराचे तीन, आणि जोर भिंतीला हात लावून. विशीतला आकडा डोक्यातनं जायला वेळ लागला, त्याला ते फार जड गेलं हे मी बघितलंय.

खाण्यात फार उलथापालथ केली नाही. रात्रीचं जेवण आठच्या आत, भाताऐवजी ज्वारीची भाकरी, आणि कट्ट्यावरचं दूध फक्त शनिवारी. सोडायचं नाही हे आधीच ठरवलं, तिथली मित्रमंडळी पण महत्त्वाची. रविवारचा तांबडा-पांढरा आहे तसाच आहे, भांडं मात्र लहान झालं.

निकाल

डिसेंबर २०२५ च्या तपासणीत वजन ८१.२, कंबर ९६, एचबीएवनसी ५.८. म्हणजे अजून त्याच पायरीवर, फक्त खालच्या टोकाला, आणि कंबर अजून ९० च्या वरच. डॉक्टर खूश होते, दादाला वाटत होतं ५.७ च्या खाली यायला पाहिजे होतं. ह्यात चालण्याचा वाटा किती, रात्रीच्या दुधाचा किती, वेळेवर झोपण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही, सगळं एकदमच बदललं होतं.

पाच महिन्यांत इशारा पातळी सात वेळा आली, धोका दोनदा. एकदा ऑगस्टच्या पावसात आणि एकदा दिवाळीत, तेव्हा सहा दिवस गेले. दोन्ही वेळा फोन आला, दोन्ही वेळा मी गेलो. दिवाळीनंतरच्या त्या पहाटे रंकाळ्याकाठी शालिनी पॅलेसजवळ थांबून दादा म्हणाला की वडलांना कुणी असं घेऊन गेलं असतं तर. पुढं काही बोलला नाही, मी पण नाही.

लॅपटॉप जुलैपासून एकदाही पुसलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्यापासून सुरू करतो. मार्चमध्ये त्याची सवय जेमतेम सहा आठवड्यांची होती, तेव्हा मी ग्राफानाचा स्क्रीनशॉट पाठवायला नको होता. नवीन माणसाला आपण उत्साहानं दहा गोष्टी दाखवतो, तो दहाही घेतो, आणि त्याच्या रात्री कुठनं जातायत हे आपल्याला दिसत नाही. मी मे महिन्यापर्यंत त्याला "सिस्टिम कशी चाललीय" एवढंच विचारत होतो, "काल गेलतास का" हे एकदाही विचारलं नाही.

बॅकअप पहिल्याच दिवशी बाहेरच्या डिस्कवर घ्यायला हवा होता, एसएसडी टाकली त्याच दिवशी, कारण जुनी हार्ड डिस्क मोकळीच पडली होती. ३०० रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घातली की झालं असतं. ते आम्ही जुलैमध्ये केलं.

दोन रकाने शेजारी मांडायची गोष्ट एप्रिलमध्येच होऊ शकली असती, वजनाच्या नोंदी गेल्या तेव्हाच. तेव्हा आम्ही डेटा परत कसा मिळवायचा एवढंच बघत होतो. आणि वहिनींना पहिल्या दिवसापासून ह्यात घ्यायला हवं होतं, कॅलेंडरवरची खूण त्यांच्या हातात गेली तेव्हापासनं गाडी रुळावर आली. तीन महिन्यांची मुदत संपल्यावर त्यांना विचारलं तर म्हणाल्या, राहू दे लॅपटॉप.

एका बाबतीत आमचं अजून जमलेलं नाही. दादाला रविवारच्या वेळेत डॅशबोर्ड परत हवाय, मला वाटतं अजून थांबावं. सध्या ठरलंय असं की मार्चची तपासणी होईपर्यंत फाइलमध्ये नवीन रकाना घालायचा नाही, फक्त कंबरेचा आकडा, महिन्याच्या १ तारखेला, आणि तो टेप वहिनीच धरतात.